सोडून गेलेल्या भागीदाराचं नाव

पत्र थोडक्यात: बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या एका भगिनीचं हे पत्र. त्यांचं ऑफिस १९७४ साली तिघा वकिलांनी मिळून सुरू केलं, त्यातले एक त्यांचे चुलते. कुळं, विधवा बायका, धरणात जमीन गेलेले शेतकरी यांची कामं कमी फीत, पुष्कळदा फुकटही करणारं ऑफिस म्हणून त्याचं पंचक्रोशीत आजही नाव आहे. पन्नास वर्षं होऊन गेली म्हणून सध्याच्या चौघा भागीदारांनी ठरवलं, की संस्थापकांचे फोटो लावायचे, स्मरणिका काढायची, छोटा कार्यक्रम करायचा. आणि तिथेच घोडं अडलं. चुलते आता नाहीत. दुसरे संस्थापक बारा वर्षांनी भांडून बाहेर पडले, पुढे सरकारी वकील झाले आणि भरपाईच्या केसेसमध्ये याच ऑफिसच्या समोर उभे राहू लागले. तेही वारले. तिसरे ऐंशीच्या पुढचे आहेत, घरीच असतात. त्यांचं म्हणणं, 'त्याचा फोटो लागणार असेल तर माझा लावू नका.' इकडे दुसऱ्यांच्या मुलीचा फोन आला, 'आमच्या बाबांना तुम्ही विसरलात का?' बाकीचे भागीदार म्हणतात, वाद नको, फक्त काकांचा फोटो लावू. ऑफिस त्यांच्याच नावाने चालतं. कपाटात जुन्या फाईली आणि कारकुनांच्या वह्या आहेत, त्यातलं काही कार्यक्रमात मांडावं असंही त्यांच्या मनात आहे. शेवटी जाता जाता एक ओळ: 'काही वर्षं ऑफिसात एक बाईही वकील होत्या म्हणे.' काय करावं, असं त्या विचारतात.

ताई,

फोटोचं नंतर बघू. तिघांनी ऑफिस सुरू केलं असं तुम्ही लिहिता आणि पुढचं सगळं पत्र त्या तिघांभोवतीच फिरतं. मला पहिली शंका तिथेच आहे.

१९७४ साल आपल्या भागात काय घेऊन आलं ते तुम्हाला पाठ असेल, बाकीच्या वाचकांसाठी सांगते. आदल्या वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं होतं. पाठोपाठ १ मार्च १९७४ पासून जमीन सुधारणा कायद्यातली मोठी दुरुस्ती अमलात आली. कुळांकडच्या जमिनी मालकाच्या हातून निघून सरकारकडे गेल्या आणि कसणाऱ्याने सात नंबरचा फॉर्म भरून आपला हक्क सांगायचा असं ठरलं. ते अर्ज ऐकायला भूमी न्यायाधिकरणं बसली. प्रांताधिकारी अध्यक्ष, बाकी सरकारने नेमलेले सदस्य. आणि या न्यायाधिकरणापुढे वकिलाने उभं राहायचं नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं, कलम ४८ च्या आठव्या पोटकलमात. ही बंदी पुढे टिकली नाही, १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा शब्द टाकला. पण सुरुवातीच्या गर्दीच्या दिवसांत दारावर वकिलांना मज्जाव होता.

आता सांगा, 'कुळांचं ऑफिस' म्हणून तुमचं जे नाव झालं ते कुणाच्या कामावर? वकिलांनी अर्ज तयार करून दिले असतील, निकाल उलटा गेला तर बंगळूरला हायकोर्टात रिट घातलं असेल. तेव्हा धारवाडचं खंडपीठ नव्हतं, ते २००८ साली सुरू झालं. म्हणजे एकेका रिटसाठी रात्रभराचा प्रवास. हे श्रम लहान नाहीत. पण सुनावणीच्या दिवशी कूळ एकटं आत जायचं. आत काय विचारतील, कुठला उतारा आधी दाखवायचा, साक्षीला शेजारचा बांधकरी न्यायचा की जुना पोलीस पाटील, हे त्याला बाहेरच्या कट्ट्यावर बसवून पढवणारा कुणीतरी असणार. घरात फक्त मराठी बोलणाऱ्या माणसाचा अर्ज स्वच्छ कन्नडमध्ये लिहून देणाराही कुणीतरी असणार. तुमच्या पत्रात 'कारकुनांच्या वह्या' असे दोन शब्द येतात आणि लगेच विषय बदलतो. मला वाटतं, तुमचा चौथा संस्थापक त्या वह्यांत आहे.

त्यांचं नाव भागीदारीच्या कागदावर सापडणार नाही. सापडणं शक्यच नव्हतं, कारण बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांप्रमाणे वकिलाला बिगरवकिलाशी भागीदारी करता येत नाही, फीत वाटाही देता येत नाही. तेव्हा कागदावर नाव नाही यावरून त्यांचा वाटा कमी होता असं धरू नका. ती जागा नियमानेच बंद होती. स्मृतिफलकावर कुणाचं नाव घालायचं, यावर मात्र बार कौन्सिल काही म्हणत नाही.

आता त्या वकील बाई. तुमचं ते 'म्हणे' मला टोचलं. तुम्ही स्वतः बाई, त्याच ऑफिसात बसता, कदाचित त्याच टेबलाशी, आणि तुमच्या आधी तिथे बसलेल्या बाईबद्दल तुम्हाला ऐकीव माहितीवर थांबावं लागतंय. पोटगीचा अर्ज करायला आलेल्या, दिराने वाटप नाकारलेल्या बायका त्या काळात ऑफिसात शिरल्यावर कुणाशी मोकळं बोलल्या असतील? गरिबांचं, विधवांचं ऑफिस ही तुमची ओळख त्यांच्याशिवाय झाली असेल असं मला वाटत नाही. खात्री करून घेणं तुमच्या हातात आहे.

आणि ते अवघडही नाही. जुनी वकीलपत्रं, म्हणजे पक्षकाराने वकील नेमल्याचे कागद, काढा. वकीलपत्रावर सीनियरबरोबर ज्युनियरचीही सही घ्यायची पद्धत असते, त्यामुळे कोण कोणत्या वर्षी ऑफिसात होतं याचा तो सगळ्यात भरवशाचा पुरावा. स्मरणिकेतल्या लेखांपेक्षा कितीतरी भरवशाचा. जुन्या निकालांच्या नकलांवर पहिल्याच पानावर वकिलांची नावं असतात. कारकुनांच्या तारखांच्या वह्यांत कुणाला कुठल्या कोर्टात पाठवलं ते असतं. तुमच्या बार असोसिएशनकडे वर्गणीचं रजिस्टर असेल. निधनवार्ता हव्या असतील तर 'तरुण भारत'चे जुने अंक वाचनालयात बसून चाळायला लागतील. कंटाळवाणं काम आहे, एखाद्या ज्युनियरला सोबत घ्या. मात्र हे सगळं तुमच्या आठवणीवर किंवा काकांच्या घरातल्या गोष्टींवर सोडू नका.

इथे एक नाजूक गोष्ट बोलते, रागावू नका. तुम्ही काकांच्या पुतणी आहात. 'वाद नको, फक्त काकांचा फोटो लावू' हा भागीदारांचा तोडगा तुम्हाला मधला मार्ग वाटतोय. बाहेरच्याला तो तसा दिसणार नाही. पाटीवर काकांचं नाव, खुर्चीत पुतणी, भिंतीवर काका. ज्या मुलीने फोन केला तिला त्यातून एकच उत्तर मिळेल, की ऑफिस आता एका घराण्याचं झालं. म्हणून या कामाचं सुकाणू घराबाहेरच्या भागीदाराकडे द्या. कुठल्या वर्षी कोण आलं, कोण गेलं हे त्यांनी कागद बघून ठरवू दे, तुम्ही मदतनीस राहा. दुसऱ्या कुणाच्या कज्ज्यात तुम्ही हाच सल्ला दिला असता.

काकांचं नाव ऑफिसला चालू ठेवण्यात कायद्याची अडचण नाही. भागीदारी कायद्याच्या कलम २८ मध्येच म्हटलंय, की मृत भागीदाराचं नाव पुढे चालू राहिलं म्हणून केवळ तेवढ्यावरून त्याच्या वारसांवर किंवा मिळकतीवर पुढच्या कामाची जबाबदारी येत नाही. उलट, घरी बसलेल्या तिसऱ्या संस्थापकांचं बघा. ते रीतसर निवृत्त झालेत का? कलम ३२ प्रमाणे निवृत्त भागीदाराची बाहेरच्यांपुढची जबाबदारी जाहीर नोटीस निघेपर्यंत सुटत नाही. पुष्कळ ऑफिसांत माणूस हळूहळू यायचा थांबतो, लेटरहेड मात्र तेच राहतं. सन्मानाचा हार घालायच्या आधी हे तपासून घ्या.

आता मुख्य दुखणं, सोडून गेलेले दुसरे भागीदार.

ते 'समोर उभे राहायचे' असं तुम्ही लिहिलंय. या तीन शब्दांत तुमच्या ऑफिसचा चाळीस वर्षांचा राग आहे. पण यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक वकील ऑफिस सोडतो, सरकारी वकील होतो, भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यातल्या कलम १८ खाली वाढीव भरपाईसाठी आलेल्या प्रकरणांत सरकारची बाजू मांडतो. यात काही गैर नाही. ते काम कुणीतरी करायचंच असतं. दुसरी गोष्ट वेगळी: ज्या शेतकऱ्याला ऑफिसात असताना त्यांनीच सल्ला दिला, ज्याचा अर्ज त्यांनीच लिहिला, त्याच शेतकऱ्याच्या त्याच प्रकरणात ते पुढे सरकारतर्फे उभे राहिले का? वकिलाने एकदा ज्या पक्षकाराचं काम केलं त्याच प्रकरणात उलट बाजूने उभं राहायचं नाही, असा बार कौन्सिलचा नियम ३३ सांगतो. तसं घडलं असेल तर तुमच्या रागाला आधार आहे. घडलं नसेल तर तो राग आहे, आरोप नव्हे, आणि रागावरून कुणाचं नाव यादीतून जात नाही. रोजनामे (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदी) आणि वकीलपत्रं दोन्ही उघडून बघा, एका दुपारचं काम आहे. मला राहून राहून वाटतं, की इतक्या वर्षांत हे कुणीच बघितलेलं नाही.

आपल्या भागात या गोष्टीला आणखी एक धार येते, ती मी टाळणार नाही. कर्नाटक सरकारतर्फे मराठी माणूस उभा राहतो, हे दर १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या १९५६ च्या हुतात्म्यांपुढे मान लववणाऱ्या गावाला पचायला जड जातं. तुमच्या तिसऱ्या संस्थापकांच्या 'त्याचा' या एकेरी उल्लेखात त्याचाही अंश असू शकेल. पण जरा आजूबाजूला बघा. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे आणि या सगळ्या काळात आपल्या घराघरांतले शिक्षक, तलाठी, नर्सबाई, एसटीचे कंडक्टर त्याच सरकारचा पगार घेऊन निवृत्त झालेत. त्यांना आपण घरच्या यादीतून काढलं नाही. वकिलालाच वेगळा नियम का?

शिवाय भांडणाचं खरं कारण कोणी सांगितलंय तुम्हाला? बारा वर्षं एकत्र काम केलेली माणसं तत्त्वासाठी वेगळी झाली असं पुढच्या पिढीला सांगितलं जातं. ती पुष्कळदा फीच्या वाटपावरून वेगळी होतात, नाहीतर कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा ऑफिसात घ्यायचा यावरून. सरकारी वकिली ही नंतर आलेली, सांगायला सोयीची गोष्टही असू शकते. मी तसं झालंच म्हणत नाही. तुम्ही एकाच बाजूची कैफियत ऐकून बसला आहात, एवढंच. वकिलाला हे सांगायची पाळी यावी!

फोटोंऐवजी नावांचा फलक करा, का ते पुढे सांगते. त्यावर त्यांच्याबद्दल लिहायचं काय? एक ओळ. नाव, '१९७४ ते १९८६ भागीदार, पुढे सरकारी वकील.' वर्षं कागद बघून पक्की करा. विशेषण नको, खुलासा नको, 'मतभेदांमुळे' हा शब्दही नको. काकांच्या नावापुढेही तशीच ओळ. स्मरणिका वाचल्या की मला नेहमी हसू येतं: त्यात सगळे दिवंगत वकील मनमिळाऊ, निगर्वी आणि अजातशत्रू असतात. चाळीस वर्षं कोर्टात उभा राहून जो अजातशत्रू राहिला त्याने पक्षकारांचं केलं काय? कोर्टातल्या शोकसभेत दोन मिनिटं उभं राहताना ती विशेषणं चालून जातात. पन्नास वर्षांनी छापताना तरी त्या माणसाने काय केलं ते लिहा. काकांनी कुठल्या गावच्या कुळांसाठी किती वेळा बंगळूर गाठलं, त्यासाठी पैसे कोणी घातले, हे लिहिलं तर तुमच्या ज्युनियरना त्यातून काही मिळेल.

तिसऱ्या संस्थापकांचं मन मोडू नये, ही तुमची काळजी मला कळते. त्यांचा मान ठेवायचाच. पण मान ठेवणं आणि त्यांना नकाराधिकार देणं यात तुमची गल्लत होते आहे. त्यांना स्वतःचा फोटो नको असेल तर नाही लावायचा, तो त्यांचा हक्क. दुसऱ्याचं नाव पुसायचा हक्क त्यांना नाही, कुणालाच नाही. त्यांच्याकडे 'फोटो लावू का' असा प्रश्न घेऊन जाऊच नका. त्या प्रश्नाला ते 'नको'च म्हणणार. जुनी वकीलपत्रं घेऊन जा. ही सही कुणाची, हे कूळ कुठल्या गावचं, त्या केसला अर्ज कन्नडमध्ये कुणी लिहिला, असं विचारा. म्हाताऱ्या माणसांना सकाळचं जेवण आठवत नाही, पण १९७६ ची तारीख आठवते. परवानगी घेऊन आवाज टिपून ठेवा. एकदा, फक्त एकदाच, 'तुमचं दोघांचं बिनसलं कशावरून?' असंही विचारा, आणि त्यांनी सांगितलं तर ते स्मरणिकेत घालू नका, जपून ठेवा. त्याला उत्तर द्यायला दुसरे भागीदार आता नाहीत.

मग निघताना त्यांना सरळ सांगा, की फलक लागणार आहे आणि त्यावर सगळ्यांची नावं असणार आहेत. त्यांच्या पाठीमागे गुपचूप लावू नका. तरीही ते हटून बसले तर त्यांच्या ओळीवर 'एक संस्थापक, हयात; नाव त्यांच्या इच्छेवरून दिलेलं नाही' असं लिहायची तयारी ठेवा आणि तसं त्यांना सांगा. माझा अंदाज आहे, हे ऐकल्यावर ते आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहून देतील.

फोटोपेक्षा नावांचा फलक का, तेही सांगून टाकते. फोटो कोणाचे मिळतील? तिघा वकिलांचे, काळ्या कोटातले. कारकुनांचा मिळाला तर एखाद्या लग्नाच्या ग्रुपफोटोत कडेला. त्या बाईंचा कदाचित मिळणारच नाही. म्हणजे फोटोंची भिंत केली की पुन्हा तेच तिघे, आणि त्यात वर कोण, खाली कोण, हार कुणाला मोठा यावरून नवं भांडण. नावांच्या यादीला हा त्रास नाही, पण क्रम कसा लावायचा ते आधी ठरवा. कोर्टात ज्येष्ठता सनदेच्या तारखेवरून धरतात. तुम्ही ती ऑफिसात आल्याच्या तारखेवरून धरा. मग कारकून वकिलाच्या आधीही येऊ शकतील. येऊ देत. तारखेशी कुणाला भांडता येत नाही.

फलक आतल्या खोलीत लावा, रस्त्याकडे तोंड करून नको. वकिलाने जाहिरात करायची नाही हा नियम ३६ तुम्हाला माहीत आहेच. पाटी बेताच्या आकाराची हवी आणि अमक्या प्रकारच्या कामात तज्ज्ञ, माजी न्यायाधीश, अमक्या संघटनेशी संबंधित असं काही तिच्यावर नको. 'गरिबांचे वकील' असं दर्शनी भिंतीवर लिहिलंत तर उद्या कोणी तक्रार केली तर? स्मरणिकेलाही तेच लागू. जिंकलेल्या केसेसची यादी, फोन नंबर आणि पक्षकारांच्या दुकानांच्या जाहिराती घालून कोर्टाच्या आवारात वाटायला निघालात तर ती स्मरणिका राहत नाही. थोड्या प्रती काढा, फलकावरच्या माणसांच्या घरी पोचवा. आमदारांना बोलवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर नसतं बोलावलं.

फलक मराठी आणि कन्नड दोन्हींत करा. बाहेरच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा २०२४ चा कायदा मनात धरून मी हे सांगत नाही. त्या कारकुनांची नातवंडं आज कुठल्या माध्यमात शिकली असतील कोण जाणे. त्यांना आजोबांचं नाव वाचता यायला हवं.

आता फाईली. इथे मात्र हात आखडा. तुम्हाला ते ऑफिसचं वैभव वाटतंय, पण त्यातलं पुष्कळसं तुमचं नाहीच. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट काम संपल्यावरही उघड करायची नसते. हे बंधन पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. तुम्ही अभिमानाने मांडलेला पोटगीचा अर्ज ज्या घरातल्या आजीचा, त्या घरातला नातू कार्यक्रमाला आला तर? तालुक्याच्या गावात नाव झाकलं तरी घर ओळखू येतं. उघड्या कोर्टात दिलेले निकाल मांडता येतील. जुना टाइपरायटर, कायद्याची पुस्तकं, कारकुनांच्या वह्यांतलं नावं नसलेलं एखादं पान, एवढं पुरे.

आणि त्याच कपाटात मूळ कागद असतील. खरेदीखतं, जुने उतारे, मोडीतली वाटणीपत्रं, केस संपल्यावर कुणी न्यायला आलं नाही म्हणून राहिलेले. ते ज्याचे त्याला परत करायचे आहेत. फी राहिली म्हणूनसुद्धा वकिलाला पक्षकाराचे कागद अडकवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलेलं आहे. तुमच्याकडे तर नुसते विसरून राहिलेत. मला विचाराल तर कार्यक्रमाचा खर्च यावर करा. गावाप्रमाणे गठ्ठे लावा, यादी करा, वारस शोधा, पोच घेऊन कागद द्या. ज्या घराचा वाटपाचा दावा आज एका जुन्या कागदावाचून अडला असेल, त्याला तो तुमच्या कपाटातून मिळाला तर त्या घरात तुमच्या काकांचं, दुसऱ्या भागीदारांचं आणि कारकुनांचं नाव आपोआप निघेल. मोडी वाचणारं कोणी ओळखीत असेल तर महिन्यातून एक शनिवार त्यांना ऑफिसात बसवा. आपल्या भागात घरोघरी असे कागद पेटीत पडलेत आणि नव्या वकिलांना ते वाचता येत नाहीत.

हे सगळं वकिलांपुरतं नाही. पतसंस्था, वाचनालयं, शाळा चालवणारी मंडळं, सगळीकडे पन्नाशी आली की हाच प्रसंग येतो. संस्थापकांत कोण, मधेच सोडून गेलेल्याचं काय, शिपायाचं नाव घ्यायचं का. त्यांनीही आधी पहिल्या दहा वर्षांची हजेरीपुस्तकं आणि पावतीपुस्तकं काढावीत, अध्यक्षांची भाषणं नंतर.

राहिला त्या मुलीचा फोन. तिला फोनवर उत्तर देऊ नका, पत्र लिहा, चौघांच्या सहीने. तुमच्या वडिलांचं नाव फलकावर असणार आहे, १९७४ ते १९८६ असं लिहिणार आहोत, वर्ष चुकत असेल तर कळवा. त्यांची एखादी डायरी, वकीलपत्र, ऑफिसातला फोटो असेल तर प्रत द्या. आणि तिला त्या कारकुनांबद्दल, त्या वकील बाईंबद्दल घरात काही बोलणं व्हायचं का, तेही विचारा. तुमच्या घरात जे विसरलं गेलं ते तिच्या घरात शिल्लक असू शकतं. 'विसरलो नव्हतो' असं मात्र लिहू नका, ते खरं नाही.

कार्यक्रमाची तारीख अजून छापू नका. उन्हाळी सुट्टीत कोर्ट बंद असताना कपाट रिकामं करा आणि शेवटचं वकीलपत्र वाचून होईपर्यंत फलकवाल्याकडे जाऊ नका. आणि तो ग्रॅनाइटवर कोरून घेऊ नका. सुट्या पट्ट्या सरकवता येतील अशी लाकडी चौकट करून घ्या, कारण दोन-चार नावं कार्यक्रमाच्या दिवशी समोर बसलेल्या लोकांकडूनच कळणार आहेत.